फिरते पाते आणि विळी : बारामती-इंदापूर परिसरातील भाजी चिरण्याच्या साधनांचा इतिहास

बारामती आणि इंदापूर ह्या पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागातील दोन तालुक्यांत चाकाला किंवा आसाला जोडलेले फिरते पाते आले ते प्रथम उसासाठी आणि कडब्यासाठी. माणसाच्या भाजीसाठी ते सर्वांत शेवटी आले, आणि आले तेही अर्धेमुर्धे. साखर कारखान्याच्या गव्हाणीतून पुढे सरकणारा ऊस फिरत्या सुऱ्यांखाली तुकडे होऊन पडू लागल्यानंतर तीन-चार दशकांनी ह्या भागातील स्वयंपाकघरात विजेचा मिक्सर दिसू लागला. आणि भाजीच्या चकत्या व कीस करणारा फूड प्रोसेसर तर त्याच्याही बराच मागून आला. हा क्रम यदृच्छेने पडलेला नाही. कोणाच्या हातांचे श्रम हिशेबात धरले जात होते आणि कोणाचे नव्हते, ह्याची ती एक अलिखित नोंद आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

विषयाच्या साधनांसंबंधी आरंभीच काही सांगणे अवश्य आहे. स्वयंपाकघरातील श्रमांपैकी दळणाचा इतिहास आपल्याकडे लिहिता येतो, कारण जात्याला ओवी आहे. गी पॉइतव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्या संग्रहामुळे दळणाऱ्या स्त्रीचे सुखदुःख अभ्यासकाच्या हाती लागले. विळीला मात्र अशी ओवी नाही. ह्याचे कारण शोधण्यास दूर जावयास नको. जाते एका लयीत फिरते, पहाटेच्या अंधारात तासन्‌तास फिरते, आणि हात यंत्रवत चालत असता मन मोकळे राहते. विळीवर बसलेल्या स्त्रीचे मन मोकळे राहू शकत नाही. तिचे लक्ष बोटाच्या टोकावर असावे लागते, आणि ते काम लय धरण्यापूर्वीच संपते. जे श्रम गाण्यात उतरले नाहीत ते साधनग्रंथांतही फारसे उतरले नाहीत. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई गॅझेटिअरच्या पुणे जिल्ह्यावरील खंडात जातवार अन्न, वस्त्र आणि घरातील सामानसुमान यांची वर्णने आहेत. तेथे अन्न दिसते. त्यासाठी झालेले चिरणे-निवडणे दिसत नाही. पाककृतींच्या पुस्तकांचीही गोष्ट फार निराळी नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या ‘सूपशास्त्रा’पासून (१८७५) कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’पर्यंत (१९७०) मराठी पाकग्रंथांनी मोठा पल्ला गाठला, ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचे निश्चित प्रमाण घरोघर पोचविले. परंतु ‘बारीक चिरून’ म्हणजे किती बारीक, हे प्रमाण पुस्तकात येत नाही. ते सासूच्या किंवा आईच्या हाताकडे पाहून शिकावयाचे असते.

यास्तव ह्या विषयात अभ्यासकाला आधार उरतात ते मुख्यतः तीन : स्वतः वस्तू, तिच्याभोवतीचे शब्द, आणि ज्या भूमीत ती वापरली गेली तिचा आर्थिक इतिहास.

वस्तूपासून आरंभ करू. विळी म्हणजे लाकडी पाटावर उभे बसविलेले, पुढे झुकलेले, वक्र पोलादी पाते. पाते लोहाराने घडवावे, पाट सुताराने तासावा, आणि दोन्ही कामे पूर्वी बलुत्याच्या व्यवहारात बसावीत, अशी ही वस्तू आहे. स्त्री एक पाय दुमडून व दुसऱ्या पायाने किंवा गुडघ्याने पाट दाबून बसते. त्यामुळे दोन्ही हात भाजीसाठी मोकळे राहतात. पाते स्थिर असते आणि भाजी त्याच्यावर जाते. हा विळीचा विशेष आहे. सुरीत पाते हलते आणि पदार्थ फळीवर स्थिर असतो. विळीत ह्याच्या नेमके उलट होते. ही कल्पना केवळ महाराष्ट्राची नव्हे. बंगालची बोटी, कर्नाटकाची ईळिगे मणे, आंध्राची कत्तीपीट, तमिळ प्रदेशातील अरुवामणै ही सर्व ह्याच कुळातील साधने होत. जमिनीवर बसून स्वयंपाक करणाऱ्या संस्कृतीने चिरण्याच्या प्रश्नाला दिलेले हे एक समान उत्तर आहे. कोकणात पात्याच्या टोकाला नारळ खवण्यासाठी दातेरी चकती असते. बारामती-इंदापूरकडच्या देशावरील विळीला ती असलीच तरी तिचा उपयोग सणावारापुरता.

शब्दांकडे वळले म्हणजे विळीची एक नातेवाईक भेटते. मोल्सवर्थच्या कोशात ‘विळा’ आणि ‘विळी’ हे दोन्ही शब्द आहेत. विळा शेतातला, विळी घरातली. पुल्लिंगी रूप मोठ्या वस्तूला आणि स्त्रीलिंगी रूप लहान वस्तूला, ही मराठीची नेहमीची रीत येथेही पाळली गेली आहे. परंतु विळा चालविणारा हात पुष्कळदा स्त्रीचाच असतो, हे ज्याने ज्वारीची काढणी पाहिली आहे त्याला सांगावयास नको. ‘विळ्याभोपळ्याचे सख्य’ हा वाक्प्रचार वैर दाखविण्यासाठी वापरला जातो. आणि योगायोग असा की ज्या थोड्या फळभाज्यांच्या बाबतीत पुरुषाचा हात लागत असे त्यांत भोपळा व कोहळा येतात. कोहळा स्त्रीने प्रथम फोडू नये, पहिला घाव पुरुषाने घालावा, हा संकेत अनेक घरांत पाळला जात असे. पुढच्या सर्व फोडी अर्थातच तिने करावयाच्या.

ह्याहून महत्त्वाची आहे ती क्रियापदांची श्रीमंती. कांदा चिरतात, गाजर किसतात, नारळ खवतात, मेथी खुडतात, गवार मोडतात, काकडी चोचवतात, भोपळा फोडतात, शेंगा सोलतात. ह्या प्रत्येक क्रियापदामागे हाताची एक वेगळी हालचाल आहे, आणि ती पदार्थाच्या रचनेतून आली आहे. गवारीची शीर मोडताना हाताला लागते व निघून येते. पात्याने कापली तर ती शेंगेतच राहते. चोचवलेल्या काकडीचा तुकडा आणि किसलेल्या काकडीचा कीस हे कोशिंबिरीत दोन निरनिराळे पदार्थ होतात, कारण किसाला पाणी सुटते. ही यादी येथे दिली ती शब्दांच्या हौसेने नव्हे. पुढे यंत्राचा विचार करताना तिचा उपयोग होणार आहे.

आता भूमी. बारामतीचा पूर्वभाग आणि इंदापूर तालुका हे पर्जन्यछायेतील प्रदेश आहेत. वार्षिक पाऊस साधारण ५०० मिलिमीटरांच्या आसपास, आणि तोही भरवशाचा नाही. बारामतीचे नाव वाङ्मयेतिहासात मोरोपंतांमुळे (१७२९–१७९४) सर्वांना परिचित आहे, पण ज्या गावात आर्या रचल्या गेल्या त्याच्या भोवतालच्या जिराईत शिवारात भाजी हा ऋतूचा प्रसाद होता. शाळूची भाकरी, हुलग्या-मटकीचे कालवण, पिठले, मिरचीचा ठेचा, बुक्कीने फोडलेला कांदा. पावसाळ्यात तांदुळजा, घोळ, पाथरी अशा रानभाज्या, थंडीत हरभऱ्याचा पाला. आणि उन्हाळ्यासाठी वाळवून ठेवलेला पाला किंवा गवार. ह्या आहारात विळीला काम किती? कांदा बुक्कीने फुटतो, मिरची खलबत्त्यात किंवा तव्यावर तांब्याच्या बुडाने ठेचली जाते, पालेभाजी हाताने खुडली जाते. जिराईत घरातील स्त्रीचे कंबरडे मोडणारे श्रम म्हणजे दळण, पाणी आणि सरपण. चिरणे त्यात सर्वांत हलके होते.

विळीचे काम वाढविले ते कालव्याने. १८७६–७७ च्या दुष्काळात दुष्काळी काम म्हणून हाती घेतलेला नीरा डावा कालवा १८८५ मध्ये वाहू लागला, आणि त्याला पाणी पुरविणारे भाटघरचे धरण १८९२ मध्ये पुरे झाले. जुन्या धरणाच्या जागी मोठे लॉईड धरण १९२८ मध्ये आले. कालवा पुरंदरातून बारामतीत आणि तेथून इंदापुरात उतरतो. आरंभी शेतकरी पाणी घेण्यास कचरत असत. पाऊस पडला की मागणी संपे. विसाव्या शतकाच्या पहिल्याच वर्षांत पुण्यात कार्यकारी अभियंता असलेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी ह्याच कालव्यावर ब्लॉक पद्धत सुरू केली, पाण्याचे वाटप ठरावीक क्षेत्राला आणि ठरावीक पिकांच्या फेरपालटीला बांधून दिले, आणि ऊस ह्या प्रदेशात स्थिरावला. सासवडचे माळी कालव्याच्या काठाकाठाने खाली सरकले. ही मंडळी मुळात बागाईतदार, मळ्याची आणि भाजीपाल्याची जाण असलेली. त्यांतील काहींनी पुढे नीरेपलीकडे माळीनगर येथे स्वतःचा साखर कारखाना उभारला. जेथे पाट वाहू लागला तेथे उसाच्या सरीच्या कडेने वांगी, मिरची, कोथिंबीर, कांदा, पुढे कोबी आणि फ्लॉवर आले. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पुरे झाल्यावर इंदापूरच्या उत्तर-पूर्व बाजूला जलाशयाचे पाणी उपशाने मिळू लागले आणि हीच प्रक्रिया तेथे पुन्हा घडली. पाणी आले, ताटातली भाजी वाढली, आणि चिरण्याचे काम वाढले. सिंचनाच्या आर्थिक परिणामांवर आपल्याकडे उत्तम अभ्यास झाले आहेत, पण त्यांत उत्पादन, भांडवल, मजुरी आणि कर्ज यांचे हिशेब असतात. पाटाच्या पाण्याने स्वयंपाकघरातील काम किती वाढले, हा स्तंभ त्या कोष्टकांत नाही.

ह्याच पाण्याने फिरते पातेही आणले, पण निराळ्या दाराने. १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यातील कळंब येथे साखर कारखाना उभा राहिला. त्या वसाहतीला पुढे वालचंद हिराचंद यांच्या नावावरून वालचंदनगर हे नाव मिळाले. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, भवानीनगर आणि सोमेश्वर येथे सहकारी कारखाने आले. साखर कारखान्याच्या यंत्ररचनेत गाळपाच्या आधीची पायरी ‘ऊस तयार करण्या’ची असते : गव्हाणीतून येणारा ऊस जाड आसावर बसविलेल्या फिरत्या सुऱ्यांनी कापावयाचा, आणि पुढे, जेथे ती सोय असेल तेथे, फिरत्या हातोड्यांनी त्याचा तंतू तंतू मोकळा करावयाचा. चकत्या करणे आणि कीस करणे ह्या दोन क्रियाच त्या. फक्त पदार्थ ऊस आहे आणि मोटर शेकडो अश्वशक्तीची. पेशी जितक्या अधिक फुटतील तितका रस अधिक निघतो, म्हणून ह्या कापण्याच्या बारीकपणाचे मोजमाप होते, त्यावर प्रबंध लिहिले जातात. वालचंदनगरच्या कारखान्यात पुढे साखर यंत्रसामग्रीच तयार होऊ लागली आणि ती देशात-परदेशात गेली. स्वयंपाकघरातील ‘बारीक चिरून’ला जे प्रमाण कधी मिळाले नाही ते उसाला मिळाले.

येथे एका शब्दाजवळ थांबणे आवश्यक आहे. शिवारातील ऊस आजही बव्हंशी हातानेच तोडला जातो, बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून येणाऱ्या मजुरांकडून, आणि त्या व्यवहारात श्रमाचे एकक आहे ‘कोयता’. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. आणि एक कोयता म्हणजे एक पुरुष व त्याची बायको. पात्याच्या नावानेच मजूर मोजला जातो, आणि त्या एका पात्यात दोन माणसे असतात. स्त्रीची मजुरी निराळी धरली जात नाही. ती जोडप्याच्या हिशेबात विरघळते. त्याच स्त्रीने फडावर जाण्यापूर्वी, पहाटे तीन-चारला उठून, कोपीसमोर तीन दगडांच्या चुलीवर केलेला स्वयंपाक तर कोणत्याच कोयत्यात बसत नाही. ह्या प्रदेशात कापण्याच्या श्रमाची किंमत कशी ठरली हे समजून घेण्यास ह्या एका शब्दाइतका चांगला पुरावा मिळणे कठीण.

दुसरे दार गोठ्याचे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून (१८८८) सुरुवात करून जो उद्योग उभारला, त्याच्या आरंभीच्या उत्पादनांत लोखंडी नांगराबरोबर कडबा कापण्याचे यंत्र होते. मोठे जड चाक, त्याच्या आऱ्यांना वक्र पाती, आणि समोर पेंढी सरकविण्याची पन्हळ. एकाने चाक फिरवावे, दुसऱ्याने वैरण सारावी. यंत्राचा हिशेब सरळ होता. आखा कडबा टाकला तर जनावर पाला खाते आणि बुडखा तुडविते. कुट्टी केली तर सगळेच पोटात जाते. दुष्काळी मुलखात वाचलेली पेंढी म्हणजे वाचलेला बैल. १९७० नंतर बारामती परिसरात संकरित गाई वाढल्या, दूधसंघाचे बिल घरात येऊ लागले, आणि हाताच्या चाकाला दोन-तीन अश्वशक्तीची मोटर जोडली गेली. कडबाकुट्टीला शासनाच्या कृषी व पशुसंवर्धन योजनांतून अनुदान मिळत आले आहे.

ह्या यंत्राने स्त्रीचे श्रम वाचविले नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. गोठ्याचे काम बहुतांशी तीच करते, आणि कुट्टीच्या मोटरने तिचाच हात सुटला. म्हणजे प्रश्न ‘पुरुषाला यंत्र, स्त्रीला नाही’ इतका ढोबळ नाही. तीच स्त्री गोठ्यात मोटरीची कळ दाबीत होती आणि दहा पावलांवरील चुलीशी विळीवर बसत होती. फरक तिच्यात नव्हता, तिच्या कामाच्या फळात होता. गोठ्यातील कापण्याचे रूपांतर दुधात आणि दुधाचे बिलात होत होते; चुलीशी कापलेल्याचे रूपांतर जेवणात होई आणि जेवण त्याच दिवशी संपे. (कुट्टीयंत्राच्या तोंडाला हात जाणार नाही अशी आडकाठी पुष्कळदा नसते आणि त्यात बोटे गेल्याचे प्रकार घडत आले आहेत; उलट फूड प्रोसेसरचे झाकण नीट बसल्याशिवाय त्याची मोटर सुरूच होत नाही. ज्या यंत्राचा प्रसार झाला ते धोक्याचे, आणि जे सुरक्षित त्याचा प्रसार नाही.)

आता मिक्सर. तो प्रोसेसरचा पूर्वज मानला जातो, पण ह्या दोहोंनी स्वयंपाकघरातील निरनिराळ्या साधनांची जागा घेतली हे ध्यानात ठेवले पाहिजे. सीमेन्समधील एक अभियंता सत्यप्रकाश माथुर यांच्या घरचा जर्मन बनावटीचा ब्राऊन मिक्सर भारतीय वाटणापुढे टिकला नाही, आणि त्या अनुभवातून १९६० च्या दशकात मुंबईत ‘सुमीत’ मिक्सरचा उद्योग जन्मास आला. युरोपीय यंत्र पातळ पदार्थ ढवळण्यासाठी होते. येथे ओले खोबरे, भिजलेली डाळ, सुकी मिरची वाटावयाची होती. मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेणाऱ्या मोटरीने ते काम केले. मिक्सरने हटविला तो पाटा-वरवंटा. हे साधन खांदा आणि कंबर यांची परीक्षा घेणारे, त्यामुळे बदलाचा लाभ पहिल्याच दिवशी कळे. म्हणून बारामती शहरातील पक्क्या घरांपासून इंदापूरच्या वाड्यावस्त्यांपर्यंत, जसजशी वीज पोचली तसतसा, लग्नातील आहेराच्या वस्तूंत मिक्सर आला.

परंतु मिक्सरमध्ये कांद्याच्या चकत्या होत नाहीत. त्या वेगाला कांद्याचा लगदा होतो. चकती आणि कीस यांसाठी सावकाश फिरणारी सपाट तबकडी लागते, आणि तीच फूड प्रोसेसरची मूळ कल्पना. फ्रान्समध्ये पिएर व्हेर्दों यांनी १९६० च्या दशकात उपाहारगृहांसाठी ‘रोबो-कूप’ हे यंत्र बनविले, पुढे त्याची घरगुती आवृत्ती काढली. अमेरिकेत कार्ल सॉनथायमर यांनी त्यावरून ‘क्विझिनार्ट’ हे यंत्र तयार करून १९७३ मध्ये बाजारात आणले. रचना साधी आहे. चकत्यांच्या तबकडीवर एक पाते किंचित उचललेले असते. तबकडी आणि पाते यांतील अंतर म्हणजेच चकतीची जाडी. किसाच्या तबकडीवर लहान उचललेली भोके असतात, म्हणजे आपली किसणीच गोल करून आसावर बसविलेली. वरच्या नळीतून भाजी सोडून दट्ट्याने दाबावयाची. दाब मऊ भाजीला हलका, कठीण भाजीला अधिक. गाजर उभे सोडले तर कीस आखूड पडतो, आडवे ठेवले तर लांब. भारतात मिक्सरचीच मोटर वापरून आणि दातेचक्राने किंवा पट्ट्याने वेग उतरवून असे संयुक्त यंत्र करण्याकडे कल राहिला, आणि १९८० नंतर ते शहरी बाजारात आले.

शहरांत त्याने पाय रोवले. बारामतीसारख्या वाढत्या गावात ते काही घरांत गेलेही. तथापि त्याने विळी हटविली नाही. ह्याची कारणे वर दिलेल्या क्रियापदांत आहेत. प्रोसेसर चिरतो आणि किसतो. तो खुडत नाही, मोडत नाही, सोलत नाही, चोचवीत नाही. भरल्या वांग्याला देठ राखून चार चिरा द्यावयाच्या असतात, त्या तबकडीला देता येत नाहीत. भेंडी त्यात घातली तर चिकट होते. शेपू, मेथी, चाकवत यांना त्याचा उपयोग नाही. उरतात कोबी, कांदा, गाजर, बटाटा, काकडी. आणि पाच माणसांच्या घरात एका वेळी अर्धा किलो कोबीसाठी तबकडी, नळी, दट्ट्या, भांडे, झाकण असे पाच-सहा सुटे भाग काढून, लावून, धुऊन, वाळवून ठेवणे हे विळी उचलून भिंतीला टेकविण्यापेक्षा लांबचे काम आहे. धुण्याला पाणी लागते, आणि ह्या तालुक्यांच्या जिराईत गावांत उन्हाळ्यातील पाणी डोक्यावरून किंवा टँकरने येते. शिवाय वीज. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले. ग्रामीण विद्युतीकरणाचा भर साहजिकच पंपांवर राहिला. २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरणकडे आले. त्या सुमारास खेड्यांतील भारनियमन इतके दीर्घ होते की स्वयंपाकाच्या वेळी वीज असेलच असे गृहीत धरता येत नसे. त्यानंतरच्या काही वर्षांत गावठाण आणि शेती यांच्या वाहिन्या वेगळ्या करण्याचे काम झाले, तेव्हा कोठे पंपाच्या वेळापत्रकातून स्वयंपाकघर सुटले.

अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात असे दाखविले की घरगुती यंत्रांनी गृहिणीचे काम कमी झाले नाही; अपेक्षा वाढल्या, नोकर गेले, आणि सर्व भार एकटीवर आला. आपल्याकडील अभ्यासक हा सिद्धान्त पुष्कळदा जसाच्या तसा लागू करतात, ते मला मान्य नाही. तेथे यंत्र आले आणि काम उरले. येथे काम वाढले आणि यंत्र आलेच नाही, किंवा आले ते उसाला आणि वैरणीला. राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीप्रमाणे (२०१९) विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवितात आणि असे काम करणारे पुरुष ९७. ही आकडेवारी अखिल भारतीय आहे आणि तीत चिरणे निराळे काढलेले नाही. पण त्या २९९ मिनिटांना भांडवल, कर्ज किंवा अनुदान यांची दारे किती उघडली, हा प्रश्न धोरणाचा आहे, आणि त्याचे उत्तर सर्व राज्यांत सारखे नाही. तमिळनाडू शासनाने २०११ पासून शिधापत्रिकाधारक कुटुंबांतील स्त्रियांना मिक्सर, ग्राइंडर आणि पंखा विनामूल्य वाटला. त्यामागील राजकारण काहीही असो, वाटणाचे श्रम हे शासनाच्या अंदाजपत्रकात बसणारे श्रम आहेत एवढे त्यातून मान्य झाले. महाराष्ट्रात कुट्टीयंत्राला अनुदान मिळाले. स्वयंपाकघरातील यंत्रासाठी अशी राज्यव्यापी योजना झाली नाही.

घरातील चिरण्याला कारखान्यासारखे प्रमाण येते असे प्रसंग वर्षात दोन. पहिला उन्हाळ्यातील वाळवणाचा : कोहळ्याच्या सांडग्यांसाठी कोहळा किसणे, उपवासासाठी पाच-दहा किलो बटाट्याचा कीस आणि वेफर्स. येथे तबकडीचे यंत्र खरोखर उपयोगी पडते, आणि ज्या घरांत ते आहे तेथे ते बहुधा ह्याच महिन्यात माळ्यावरून खाली येते. तरी पत्र्याची किसणी आणि शेजारणींचे चार हात हीच अधिक प्रचलित रीत राहिली, कारण त्या कामाला सोबतीची एक बाजू आहे.

दुसरा प्रसंग आषाढीच्या वारीचा. संत तुकाराम महाराजांची पालखी उंडवडीहून बारामतीस येते आणि पुढे सणसर, बेलवडी, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी अशी दोन्ही तालुके ओलांडून नीरा पार करते. बेलवडीला गोल रिंगण होते. ह्या दिवसांत वाटेवरील गावे हजारो वारकऱ्यांना जेवू घालतात. भाकरी घराघरांतून गोळा होतात. कालवण एकत्र शिजते, आणि त्यासाठी कांदा, बटाटा, वांगी, कोबी पोत्यांनी चिरावा लागतो. मंदिराच्या ओवरीत किंवा शाळेच्या पडवीत विळ्यांची रांग लागते. प्रत्येक स्त्री आपली विळी घरून आणते, पाटाच्या खालच्या बाजूला खूण केलेली असते म्हणजे परतताना अदलाबदल होत नाही. लग्नाच्या पंगतीत हेच काम आचारी करतात, तेव्हा ते पुरुषाचे काम होते आणि त्याची मजुरी ठरते. अलीकडे मोठ्या आचाऱ्यांजवळ विजेवर चालणारे भाजी कापण्याचे यंत्रही असते. चिरण्याला मजुरी मिळू लागली की त्याच्यामागोमाग यंत्र येते, हा क्रम उसात, कुट्टीत आणि आचाऱ्याच्या मांडवात सारखाच दिसतो.

घरात फिरते पाते शेवटी आले ते ह्या कोणत्याही मार्गाने नव्हे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत आठवडे बाजारांत आणि जत्रांच्या पालांवर प्लॅस्टिकचे एक लहान भांडे विकले जाऊ लागले आहे : आत आसावर दोन-तीन पाती, झाकणात गुंडाळलेली दोरी, आणि दोरी ओढली की पाती गरगर फिरतात. त्याला वीज लागत नाही, धुण्यास तांब्याभर पाणी पुरते, आणि किंमत इतकी कमी की ते घेण्यासाठी घरात कोणाला विचारावे लागत नाही. कांदा, मिरची, कोथिंबीर, शेंगदाणे एवढेच त्यात होते. भाकरीबरोबरच्या ठेच्याला आणि पिठल्याच्या कांद्याला तेवढे पुरते. बाकीच्या भाजीसाठी विळी भिंतीला टेकलेली असतेच.